बोअरचं पाणी आणि समुद्रकाकू

पावसाळ्यात गंगापूर धरण भरत आलं की नाशिककर खूश होतात, कारण वर्षभराच्या नळाची काळजी मिटते. समुद्रकाकूंच्या आनंदाचं कारण वेगळं असे. सकाळी पेपरात धरणसाठ्याचा चौकोन वाचला की त्या जिन्यात उभ्या राहून वरच्या मजल्याकडे ओरडत, "वाचलंत का? उन्हाळ्यापर्यंत तरी तेवढं समुद्रात जात नाही!" गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. तो चौकोन पेपरासाठी मीच तयार करत असे, त्यामुळे ही आरोळी मला उद्देशूनच असायची.

मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. यजमान वारले होते. माहेर कोकणात, खाडीच्या तोंडाशी. तिथल्या घरात त्यांची आई एकटी राहत होती. नाशिक आणि ते घर यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे, पण काकूंच्या बोलण्यात तो कधी आड आला नाही. समुद्रकाकू हे नाव गल्लीने ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि मान्यही होतं.

त्या बसलेल्या क्वचित दिसत. भाजीही उभ्यानेच चिरत. कुणाशी बोलता बोलता अंगणातला नळ नीट बंद आहे का ते बघून येत. कॅलेंडरवर लोक अमावस्या-पौर्णिमा उपासासाठी बघतात, काकू उधाणासाठी बघत. त्या दिवशी भरतीच्या वेळी आईला फोन जायचा. स्पीकर लावलेला असे, कारण फोन कानाशी धरून एका जागी उभं राहणं त्यांना जमत नव्हतं.

"पाणी कुठवर आलंय?"

"अगो, पायरीला लागलंय. घरात नाही आलं."

"कुठल्या पायरीला?"

"मी काय मोजत बसू? आलं की जातं ते. तू जेवलीस का?"

काकूंचं म्हणणं सोपं होतं. समुद्राची पातळी फक्त समुद्रात ठरत नाही. जमिनीवर किती पाणी थांबतं आणि जमिनीतून किती सुटतं, त्यावरही ती थोडीफार हलते. जगभर धरणं बांधली गेली तेव्हा पुष्कळ पाणी त्यांच्यामागे अडलं आणि समुद्राची तेवढी वाढ झाकली गेली. उलट, खोल जमिनीत साठून राहिलेलं पाणी बोअरने वर आलं, की ते पिकातून हवेत, हवेतून पावसात आणि शेवटी समुद्रात जातं. पूर्वी ते तिथे नव्हतंच. ती नवी भर.

शेजारचे जोशी बँकेतून निवृत्त झालेले. ते काकूंना रोज छेडत. "काय काकू, आज अंघोळ केली तर चालेल ना? की कोकण बुडेल?"

"करा हो, रोज करा. तुमच्या नळाला धरणाचं पाणी येतं, ते आज ना उद्या गोदावरीतून गेलंच असतं. बोअरचं गेलं नसतं."

"पण गोदावरी जाते तिकडे बंगालच्या उपसागरात. तुमचं माहेर इकडे."

"समुद्राला अशा खोल्या नसतात, जोशी. ताट एकच आहे."

मी एकदा बातमीदाराच्या सवयीने त्यांना विचारलं की समुद्र वाढण्याचं मोठं कारण तर तापमान आणि वितळणारा बर्फ, मग बोअरचं एवढं काय? त्या ओट्यापासून दारापर्यंत जाऊन परत आल्या. "मोठं कारण माझ्या हातात नाही. लहान कारण माझ्या दिराच्या हातात आहे."

दीर, म्हणजे रामदासभाऊ, दिंडोरीकडच्या गावात द्राक्षबागा करत. बाग वाढली की बोअर आणखी खोल जाई. काकू दर सुट्टीला तिथे जाऊन त्यांच्याशी वाद घालत. "आणखी खोल जाऊ नका, भाऊजी. शेततळं करा. पाणी अडवा, साठवा." भाऊ हसत, "वैनी, माझ्या बोअरनं तुमच्या आईचं घर बुडंल व्हय?" काकू सांगत, "एकट्या तुमच्या बोअरने मोजण्याइतकंसुद्धा होत नाही. पण तुम्ही एकटे आहात का?" हा वाद बरीच वर्षं चालला आणि अखेर भाऊंनी तळं केलं. फोन करून त्यांनी वहिनींना बोलावलं, आणि पेपरवाल्या भाडेकरूलाही आणा म्हणाले. फोटो छापून यायला हवा होता.

आम्ही गेलो तेव्हा ऊन तापलं होतं. बागेच्या कडेला काळ्या प्लॅस्टिकचं अस्तर घातलेलं मोठं तळं काठोकाठ भरलं होतं. काकू बांधावर चढल्या आणि पहिल्यांदाच मी त्यांना काही वेळ स्तब्ध पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "भाऊजी, पावसाचं पाणी एवढं टिकलं?"

"पावसाचं कुठलं, वैनी! बोअरचं हाय." पलीकडच्या कोपऱ्यात पाइपातून पाणी पडत होतं. "तुम्हीच म्हनल्या ना, पानी साठवा म्हनून. खाली ठिवून काय उपयोग? शेजारचा वढून नेतो. त्याच्या आधी आपण वर काढून घ्यायचं. आता गावात समदेच करून ऱ्हायले."

आजूबाजूला तशीच आणखी तळी दिसत होती. सगळी भरलेली, सगळ्यांवर ऊन. काकू बांधावर खाली बसल्या. भाऊंना वाटलं, चक्कर आली. ते लिंबू सरबत आणायला धावले.

परतताना एसटीत त्या एवढंच म्हणाल्या, "मी खड्डा सांगितला. तो कशाने भरायचा ते सांगितलं नाही. पोरींना असं अर्धं शिकवलं असतं तर हेडबाईंनी मला उभं केलं असतं." फोटो मी दिला नाही.

पुढच्या उधाणाला फोनवर आई म्हणाली की पाणी घरात आलेलं नाही, पण विहिरीचं पाणी जरा मचूळ लागतंय. काकूंनी तिला नाशिकला यायला सांगितलं. आईने तुझं नाशिक तूच सांभाळ म्हटलं. त्यावर काकूंनी अंगणातला नळ तीन वेळा तपासला आणि बॅग भरायला घेतली. मला म्हणाल्या, "ती येणार नाही, आणि मला इथे बसवणार नाही." वरच्या खोलीचं काय, असं मी विचारलं. "राहा. झाडांना पाणी घाला, पण नळाचं." जोशी रिक्षापर्यंत बॅग घेऊन आले.

त्यानंतर काकू नाशिकला आल्या नाहीत. फोन येतात, आणि मागून लाटांचा आवाज येतो. आता धरणसाठा मी त्यांना वाचून दाखवतो.

मध्यंतरी रामदासभाऊ भेटले. काकूंच्या माहेरची विहीर खारट झाल्याचं कळल्यावर ते पिकअप घेऊन कोकणात गेले होते. द्राक्षाच्या क्रेटऐवजी मागे पाण्याचे कॅन भरले होते, सगळे स्वतःच्या बोअरवर भरलेले. वहिनी आणि त्यांच्या आईला घेऊनच यायचं असं ठरवून ते निघाले होते.

"वैनी कॅन बघून लय हसल्या," ते म्हणाले. "म्हनल्या, भाऊजी, अखेर बोअरचं पानी तुम्ही हातानंच समुद्राला आणून दिलं."

"मग आल्या नाहीत?"

"कसल्या येत्यात! म्हातारी म्हनली, पावणे आलेत, आधी चहा." बोअर अजून चालू आहे का, असं मी विचारलं. "चालूच हाय. बाग जाळू का?" मग आपणहून सांगू लागले.

"कॅन तिथंच व्हते, वट्यावर. म्हातारीनं हात लावला नाय. म्हनली, आमच्या घरी आलेल्याला आमच्याच विहिरीचं. चहा खारट व्हता. साखर घातली तरी खारट. वैनी समोर उभ्या, माझ्या तोंडाकडं बघत. म्या दोन कप प्यालो."