मी बाळं न्हाऊ घालते

विमानतळावरच्या ऑफिसरनं माझा डबा उघडला आणि आत पेन खुपसलं. स्वतःचं लिहायचं पेन. बाळंतिणीचं लेह्य होतं डब्यात. सुंठ, पिंपळी, ओवा, गूळ, गाईचं तूप. चुलीपुढे बसून ढवळून ढवळून केलेलं. पेनाला काळं चिकट लागलं. त्यानं ते नाकाशी नेलं, तोंड वाकडं केलं, शेजारच्या ऑफिसरला काहीतरी बोलला. दोघे हसले. मग डबा कचऱ्याच्या पिशवीत. झाकण नंतर टाकलं.

"मेडिसिन," मी म्हणाले. "फॉर डॉटर."

एवढं इंग्रजी मला येतं. त्यानं बोट हलवलं. खुर्चीकडे. बस तिथे.

त्या देशाचं नाव मी घेत नाही. माझी मुलगी तिथे राहते. तिला आठवा सरत आला होता. पहिलंच बाळंतपण. मी खुर्चीत बसले होते तेव्हा ती विमानतळावरच होती, दोन भिंतींच्या पलीकडे, पोट सांभाळत उभी. मला तिच्यापर्यंत जायचं होतं. बाकी काही नको होतं.

मी तंजावूरची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमचे पूर्वज मराठा राजांबरोबर घोड्यावर बसून आले, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. आमचे बहुतेक त्या घोड्यांमागून ओझी उचलत आले असणार. मराठी अक्षर मला वाचता येत नाही. हे मी बोलते आहे, लिहून घेणारं दुसरं कुणी आहे. त्याला बजावलंय, गोड करून लिहू नको.

मी बाळं न्हाऊ घालते. नवरा गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती, तेव्हापासून हेच. पहाटेच्या बसनं पापनाशम, तिथून एखादं खेडं, मग परत येऊन तंजावुरातली घरं. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळ पायांवर घ्यायचं. तेल, मुगाचं पीठ, सोसेल इतकं गरम पाणी, उदाची धुरी. बाळंतिणीची कंबर चोळायची, पोट बांधायचं. तिला रडू आलं तर थांबायचं. माझ्या पायांवर न्हालेली पोरं आज कॉलेजात शिकवतात, कचेरीत खुर्चीवर बसतात. रस्त्यात भेटली तर ओळखत नाहीत. त्यांचंही काय चुकलं, तेव्हा ती डोळे मिटून बोंबलत होती.

काही घरांत मला कॉफी मागच्या दारी मिळायची, वेगळ्या टंबलरमध्ये. तो टंबलर माझा मीच धुऊन खिडकीत पालथा घालायचा. त्यांचं पहिलं नातवंड माझ्या उघड्या पायांवर चालायचं. टंबलर चालायचा नाही. मी मुकाट्यानं धुवायची. राग यायचा, पण मुलीची कॉलेजची फी रागानं भरता येत नव्हती.

मुलगी इंजिनिअर झाली. नवरा तिनंच पसंत केला. मराठीच, पण आमच्याहून वरच्या पायरीवरचा. बाप बँकेत, आई शाळेत शिक्षिका. लग्नाच्या आदल्या दिवशी विहीणबाईंनी मला बाजूला घेतलं. आवाज गोड होता त्यांचा.

"पाहुणे विचारतील, तुम्ही काय करता. घरीच असते म्हणा. उगीच चर्चा कशाला?"

मी मान हलवली. मुलीचं लग्न होतं. त्या हलवलेल्या मानेची लाज मला आजही वाटते.

व्हिसाचा फॉर्म जावयानं भरला. जावयाला आम्ही माप्पिळ्ळै म्हणतो. मी सही केली, वाचलं नाही. इंग्रजी होतं.

विमानातून उतरले तेव्हा सकाळ होती. रांगेत उभी राहिले. भीती नव्हती. कर नाही त्याला डर कशाला? काउंटरवरच्या ऑफिसरनं विचारलं, कशासाठी आलात. "डॉटर. डिलिव्हरी." किती दिवस? "थ्री मंथ." तिथे काय करणार?

इथे माझं इंग्रजी संपलं. आणि मला आनंद झाला होता. पहिल्यांदाच एवढ्या लांब आले होते, लेक जवळ आली होती. मी हातांनी करून दाखवलं. असं बाळ घेणार. अशी मान धरणार. असं तेल, असं पाणी, कानात जाऊ नये म्हणून तळहात असा आडवा. बाळ नव्हतं, पण माझ्या हातांना ते कुठे कळतं! मागच्या रांगेतली एक बाई हसली. ऑफिसर हसला नाही. त्यानं माझे हात पाहिले. मग पासपोर्ट बाजूला ठेवला.

तिथून या खुर्चीच्या खोलीत. सामान उघडलं. लेह्य गेलं. वेखंड गेलं. मग फोन मागितला.

माझी एक सवय आहे. चाळीस दिवस भरले, शेवटचं न्हाणं झालं की त्या घरातून साडी मिळते आणि मी बाळाचा एक फोटो काढते. धुरी दिलेलं, काजळ लावलेलं, झोपलेलं बाळ. फोनमध्ये तेच आहे सगळं. ऑफिसर बोटानं सरकवत गेला. बाळ. बाळ. बाळ. जुळी. बाळ. त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की वाटलं, मी ती पळवून आणली आहेत.

मग दुभाषी आली. तमिळ बाई, पस्तिशीची, कडक इस्त्रीचा कोट. तिचं तमिळ ऐकूनच कळलं, मोठ्या घरची आहे. आमच्याकडे माझ्या वयाच्या बाईला ऑटोवालासुद्धा 'तुम्ही' म्हणतो. ही आली तीच 'तू'वर.

"सर विचारतायत, तू वेलैक्कारी आहेस का?"

वेलैक्कारी म्हणजे मोलकरीण. ऑफिसरनं तो शब्द उच्चारला नव्हता. एवढं इंग्रजी मला कळत होतं. तो शब्द तिनं घरून आणला होता.

"मी बाळं न्हाऊ घालते," मी म्हणाले.

"मग फॉर्मवर हाउसवाइफ का?"

तेव्हा मला कळलं. माप्पिळ्ळैनं रकान्यात काय भरलं होतं ते, परक्या देशात, परक्या माणसांसमोर. ताकाला जाऊन भांडं लपवायचं! त्यांच्याच पोराला न्हाऊ घालायला मला बोलावलं आणि मी न्हाऊ घालते हेच लपवलं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. लेह्यात पेन खुपसलं तेव्हाही एवढं झालं नव्हतं.

ऑफिसर शांतपणे एकेक विचारत गेला, ती सांगत गेली.

"मुलीच्या बाळाला तू न्हाऊ घालणार?"

"हो."

"रोज?"

"रोजच घालतात."

"मुलीला मालिश? स्वयंपाक?"

"मग कोण करणार?"

"तू केलं नाहीस तर त्यांना पैसे देऊन माणूस ठेवावा लागेल?"

"लागेल."

"मग हे काम आहे. या व्हिसावर काम करता येत नाही."

मी हसले. खरंच हसू आलं. ती दुभाषी दचकली. काय सांगणार होते तिला? इतकी वर्षं ज्यांच्या घरी राबले त्यांनी सांगितलं, हे काय काम आहे, तुमचा हातगुण हो, पुण्य लागतं. विहीणबाईंच्या लेखी मी घरीच असते. माझ्या कामाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी काम म्हटलं, आणि तेही मला हाकलण्यासाठी.

"आई आहे मी तिची," मी म्हणाले. "आईला कोण पगार देतं? यांच्या आईनं यांना न्हाऊ घातलं तेव्हा व्हिसा काढला होता का?"

याचं तिनं भाषांतर केलं नाही. मी म्हणाले, सांग त्यांना. मीही 'तू' म्हणाले. तिनं सांगितलं. ऑफिसरचे कान लाल झाले.

एक फोन करू दिला. मुलीला. ती रडत होती, तरी डोकं चालत होतं तिचं. इंजिनिअर आहे. हळू आवाजात, मराठीत बोलली, म्हणजे दुभाषीला कळू नये.

"अम्मा, नीट ऐक. फोटोतली मुलं नात्यातली आहेत म्हण. भावाची, बहिणीची, कुणाचीही. तू गृहिणीच आहेस म्हण. मी त्यांच्याशी बोलले. तेवढं नीट सांगितलंस तर सोडतील. एकच वाक्य. बोल ना गं."

एकच वाक्य. पलीकडे लेक उभी. तिचे पाय सुजले असणार, आठव्यात तिचे सुजणारच, माझेही सुजले होते. ते पाय चोळायला मी आले होते. खोटं मला येत नाही असं नाही. बाळाला कावीळ दिसली तरी बाळंतिणीला 'काही नाही गं, ऊन दाखवू' म्हणणारी मी. पण हे खोटं तसं नव्हतं. तोंड उघडलं आणि विहीणबाईंचा गोड आवाज ऐकू आला. घरीच असते म्हणा.

"नाही," मी म्हणाले.

"अम्मा!"

"तुला याच कामावर वाढवलं. ते नात्यातलं होतं असं सांगू?"

तेवढ्यात वेळ संपली म्हणून ऑफिसरनं फोन काढून घेतला.

ऑफिसरनं कागद पुढे केला. दुभाषीनं वाचला. मी माझा व्यवसाय लपवला. मी इथे काम करण्याच्या हेतूनं आले. मी स्वखुशीनं परत जाते आहे. खाली सही.

"करून टाक," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच बरं आहे. त्रास कमी होईल."

"पहिलं वाक्य अर्धं खरं आहे," मी म्हणाले. "फॉर्म माझ्या नावाचा, सही माझी. न वाचता केली, ती चूक माझी. दुसरं खोटं. तिसरं तर साफ खोटं. मी स्वखुशीनं जात नाही. तुम्ही हाकलताय. तसं लिहा."

"तसं लिहिता येत नाही."

"मग सही करता येत नाही."

पेन मी मागून घेतलं. कागदाच्या खाली मोकळी जागा होती. तिथे तमिळमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलं. मी तंजावूरची. बाळं न्हाऊ घालणं हे माझं काम. मजुरीला नाही, मुलीसाठी आले. दुभाषीला म्हणाले, वाच. तिनं वाचलं. ऑफिसरला सांगितलं. सांगताना तिचा आवाज मघासारखा नव्हता. जाताना ती मला 'तुम्ही' म्हणाली. बसा, पाणी हवंय का तुम्हाला. मी पाणी घेतलं नाही.

त्याच दिवशीच्या विमानात बसवलं. पासपोर्ट माझ्या हातात दिला नाही, विमानातल्या बाईकडे दिला. गुन्हेगाराचा देतात तसा. लोक बघत होते. मी खिडकीकडे तोंड करून रडले. हे लपवत नाही. लेकीचा चेहरासुद्धा दिसला नाही मला.

तंजावुरात बातमी माझ्याआधी पोचली होती. नळावर एकीनं विचारलं, काय नेलं होतंस गं लपवून? मी म्हणाले, माझं काम. तिला कळलं नाही.

नात झाली. पहिले पंधरा दिवस तिला बापानं मोबाइलवर व्हिडिओ बघून न्हाऊ घातलं. एकदा कानात पाणी गेलं. ते मुलीनं मला फोनवर सांगितलं आणि पुढे म्हणाली, "एक वाक्य बोलली असतीस, अम्मा." तिचा राग खोटा नाही. तिची कंबर अजून दुखते. ती माझ्याशी अजून सरळ बोलत नाही. मला जिव्हारी लागतं. पण पुन्हा त्या खुर्चीत बसवलं तरी मी तेच म्हणेन.

गेल्या महिन्यात माप्पिळ्ळैचा फोन आला. चांगला आहे तो, वाईट नाही. म्हणाला, "मी पुन्हा अर्ज करतो. हाउसवाइफच ठेवू या, आता बदललं तर संशय येईल."

"माप्पिळ्ळै, तुमचा फॉर्म तुम्ही भरा," मी म्हणाले. "माझा मी भरणार."

जुन्या बस स्टँडजवळच्या इंटरनेट सेंटरमध्ये गेले. तिथला माणूस मला पाट्टी म्हणतो, म्हणजे आजी. म्हणाला, टेलर लिहू या, बरं दिसतं. मी म्हणाले, मला शिवता येत नाही. त्याच्याकडून प्रत्येक ओळ तमिळमध्ये वाचून घेतली. मग सही केली. ज्या घरांत काम केलं त्यांच्याकडे चिठ्ठ्या मागितल्या, ही बाई आमच्याकडे काम करत होती म्हणून. दोघींनी दिल्या. तिसरी म्हणाली, आमचं नाव कशाला त्यात? तिची तिन्ही मुलं माझ्या पायांवर न्हाली. मी उद्या पुन्हा जाणार आहे तिच्याकडे. परवाही जाईन.

विहीणबाईंना फोन करून सांगितलं, कुणी विचारलं तर खरं सांगा, नाहीतर माझा नंबर द्या, मी सांगते.

अर्ज नाकारतील. एकदा परत पाठवलेल्या बाईला कोण लगेच घेतं? नाकारू देत. मी पुन्हा भरेन. नात रांगेल, चालेल, तिला न्हाऊ घालायला माझी गरज उरणार नाही, तरी भरेन. आत घेतील तर हे काम करणाऱ्या बाईला घेतील. दुसऱ्या कुणा बाईचा मुखवटा घालून मी लेकीच्या दारातही जाणार नाही.