जमिनीतून वर आलेला देव

त्या दगडाची आठवण झाली की मला आजही हसू येतं.

तेव्हा मी औरंगाबादजवळच्या एका ग्रामीण ठाण्यात फौजदार होतो. आमच्या हद्दीतल्या डोंगराळ गावाबाहेर सरकारी खनिज शोधाची छावणी पडली होती. यंत्रानं खोल भोक पाडायचं, आतून निघालेले गोल, लांबट दगड धुऊन, वरची बाजू कळावी म्हणून त्यांवर रंगानं बाण काढून उन्हात वाळवायचे आणि तपासायला पाठवायचे, असं ते काम. एके सकाळी तिथले भूवैज्ञानिक ठाण्यात आले. सगळ्यात खालून निघालेला, स्फटिकांनी चमचमणारा नमुना चोरीला गेला होता. त्यांचा संशय रखवालदारावर. वेरूळच्या लेण्यांसमोर पर्यटकांना चकाकते दगड विकणारे पुष्कळ असतात, त्यामुळे मलाही ते पटलं. अर्ज ठेवून घेतला आणि गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी करू म्हटलं.

रखवालदार गावातलाच, तिशीचा. रोजंदारीवरून कायम होण्याच्या आशेवर होता. नमुना आज मिळाला नाही तर उद्या कामावर यायचं नाही, असं भूवैज्ञानिक साहेबांनी त्याला बजावलं होतं.

"दगड कुठंय?" मी दरडावून विचारलं.

"म्या नेला नाय, साहेब."

"मग कुणी नेला?"

त्यानं प्यायला पाणी मागितलं. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हा माझा अनुभव. हा गडी मात्र दर प्रश्नाला पाणी मागत होता. त्याला काहीतरी माहीत होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं.

खबर आणली ती कुणा खबऱ्यानं नव्हे. दुपारी आमचे हवालदार कपाळभर भस्म लावून हजर झाले. "साहेब, त्याच गावच्या फाट्यावर स्वयंभू पिंड वर आलीय. वेरूळच्या टुरिस्ट बसा थांबायला लागल्यात!" "पिंड की छावणीतला दगड?" मी विचारलं, तसा त्यांचा चेहरा उतरला.

रखवालदाराला जीपमध्ये बसवलं, भूवैज्ञानिकांनाही सोबत घेतलं. पर्यटन वाढावं म्हणून सरकारनं तो रस्ता नुकताच रुंद केला होता. आता गाड्या आपल्या गावात थांबतील, असं लोकांना वाटलं होतं. गाड्या वाढल्या, पण पूर्वीपेक्षा जोरात निघून जाऊ लागल्या. फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणारी मावशी दिवसभर त्यांची धूळ खात बसायची. त्या दिवशी मात्र तिच्या हॉटेलामागच्या लिंबाखाली ही गर्दी! ओट्यावर काळा, गुळगुळीत, चमचमणारा दगड, त्यावर भस्म आणि बेल.

"पिंड कुठून आली, मावशी?"

"जमिनीतून वर आली की! 'वर आला, वर आला' म्हणून सरकारचीच माणसं वरडत व्हती."

हे खरंच होतं. यंत्राच्या नळीतून दगड निघाला की मजूर तसंच ओरडत. मावशी छावणीवर चहा न्यायची. तिनं ते ऐकलं, तो दगड पाहिला, आणि तिला शंकाच उरली नाही.

तेवढ्यात एका बाईनं पिंडीवर तांब्याभर पाणी ओतलं. भस्म ओघळलं आणि रंगानं काढलेला बाण दिसला. भूवैज्ञानिकांना राहवलं नाही. "अहो, उलटा बसवलाय हा! बाण वर पाहिजे!"

गर्दी खवळली. देवाला उलटा म्हणतो म्हणून दोघंतिघं त्यांच्या अंगावर धावले. मी मध्ये पडलो, रखवालदाराचा दंड धरला आणि खरं बाहेर यावं म्हणून मोठ्यानं म्हणालो, "म्हणजे चोरी यानंच केली!"

मावशी तडक पुढं आली. "त्याला सोडा. काल त्यो जेवाया गेल्ता, तवा म्या आणला. चोरी नाय केली साहेब. देव उन्हात पडला व्हता, सावलीत आणला."

रखवालदार हुंदके देऊ लागला. त्यानं सकाळीच फाट्यावर पिंड ओळखली होती, पण देवाला चोरीचा माल म्हणायला त्याची जीभ धजत नव्हती.

"मावशी, हा दगड परत गेला नाही तर याची नोकरी जाईल," मी सांगितलं. आता जादा कुमक मागवावी लागते की काय, अशी मला धास्ती होती. मावशीनं पिंडीला हात जोडले आणि रखवालदाराकडे वळली.

"उचल रं, तूच उचल. पर गाडीत नको टाकू. पायी ने."

त्यानं चपला काढल्या आणि लेकरू घ्यावं तसा दगड छातीशी घेतला. भूवैज्ञानिकांनीही बूट काढून हातात घेतले, आणि अर्ज मागे घेतो, असं मला चालता चालताच सांगितलं. मी जीप पुढं काढायला सांगितली तर ड्रायव्हर म्हणाला, "देवाच्या पुढं गाडी कशी न्यायची, साहेब?" मग आम्हीही त्याच्या पाठी चाललेल्या गावकऱ्यांच्या मागोमाग सावकाश निघालो.

त्यानंतरच्या प्रत्येक तपासात, वस्तू कुणी नेली हे विचारण्याआधी, नेणाऱ्याला ती काय वाटली असेल, याचा मी विचार करत आलो. कायद्याच्या भाषेत तिथं चोरी झाली होती. पण त्या गर्दीतला चोर दाखवा म्हटलं असतं, तर मला बोट उचलता आलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून बसा थांबायच्या बंद झाल्या. मावशी पुन्हा गाड्यांची धूळ खात बसू लागली. रखवालदार मात्र सुटीच्या दिवशी फाट्यावर उन्हात उभा राहून येणाऱ्या प्रत्येक बसला हात करायचा. "थांबा की, चहा लई झ्याक मिळतो इथं!"