पुनी ओ देत नव्हती

"कान ठणठणीत आहेत," चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले. "हे एडीएचडी आहे." म्हणजे लक्ष एका जागी धरणं आणि अंग आवरणं मेंदूला जड जातं.

माझ्या वहिनीने घाबरत विचारलं, "तेलानं झालं का जी? आमी पाकिटाचं खातो." पाकिटाचं तेल डोक्याला बाधतं, असं तिने गावात ऐकलं होतं.

आम्ही आलो होतो पुनीचे, म्हणजे वहिनीच्या लेकीचे, माझ्या भाचीचे, कान तपासायला. मोहाची फुलं वेचताना बाया झाडाझाडांखालून एकमेकींना हाक देतात. ओ आली की पुन्हा वाकतात. नाही आली, तर मनात पहिला येतो तो वाघ. त्या उन्हाळ्यात पुनीची ओ आली नाही. टोपल्या टाकून धावलो. ती नाल्याकाठी मुंग्या बघत बसली होती. असं पुन्हा पुन्हा झालं. घरी ठेवावी तर ती दार उघडून निघायची.

डॉक्टरांनी समजावलं, ओमेगा-थ्री ही चरबी मेंदूला लागते. ती जवसात, मासळीत असते. अशा काही मुलांत ती कमी आढळते, दिल्याने थोडा फरक पडू शकतो. "पण एकट्या तेलानं हे होत नाही, आणि एकट्या तेलानं जातही नाही."

वहिनीच्या कानात 'तेल' एवढंच राहिलं. तिने फोडणीच बंद केली. उकडलेली भाजी पुनी ढकलून द्यायची. तिच्या बरगड्या दिसू लागल्या तशी माझी झोप उडाली.

पुढच्या खेपेला डॉक्टर रागावले. "तेल बंद करा असं मी म्हटलं नव्हतं, बाई. वाढत्या मेंदूला चरबी हवीच."

मग जवसाची चटणी आली, नदीची मासळी आली. गोळी सुरू झाली. खांद्यावर हात ठेवून एका वेळी एकच गोष्ट सांगायची, हे आम्ही शिकलो.

गावात म्हणत, "मायनंच बिघडवली. दोन ठेवून दे, सुधरन." अशा घरांतल्या आयांनो, तुमच्या कढईकडे कुणाला बोट दाखवू देऊ नका. लेकराचं मन तपासायला जंगल ओलांडून जिल्ह्याला का जावं लागतं, हे विचारा. मोठ्याने विचारा.

यंदा मोह पडला. पहाटे वहिनीने हाक दिली. उत्तर नाही. दुसरी दिली. मी टोपली खाली ठेवली.

"ओऽऽ," पळसामागून आवाज आला. "इथीच आहो, माय. मुंग्या पाहून राह्यली."

वहिनी पुन्हा वाकली. बराच वेळ तिच्या हाताला एकही फूल लागलं नाही.