साठवलेला श्वास

मटिल्डाबाय गप्प झाली, ही बातमी पाचूबंदरात त्या दिवशीच्या मासळीच्या भावाआधी पसरली. पसरायलाच हवी होती. ही बाई जेटीवर उभी राहून नवऱ्याला हाक मारायची तेव्हा बेनेडिक्टबरोबर शेजारच्या होड्यांवरची माणसंही दचकून मागे वळायची. नालासोपाऱ्याच्या बाजारात तिची मासळीची पाटी कुणाला शोधावी लागत नसे. गिऱ्हाईक आवाजाच्या रोखाने चालत यायचं आणि सुरमई घ्यायला आलेली बाई मटिल्डाच्या तोंडापुढे हात टेकून वर बोंबीलही घेऊन जायची. गावात कुणाचीही हळद असो, मटिल्डा आल्याशिवाय गाण्यांना सुरुवात व्हायची नाही. अशा बाईने तोंड मिटलं, तर गावाने बोलायचं तरी कशावर?

झालं होतं असं. जानेवारीत मटिल्डाला न्यूमोनियाने धरलं. इस्पितळातून घरी आली ती निम्मी होऊन. खाटेवरून उठून चुलीपर्यंत गेली तरी धाप लागायची. निघताना डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातात एक प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं. त्यात तीन नळ्या, नळ्यांत तीन रंगीत गोळे. तोंडात नळी धरून श्वास ओढायचा, की गोळे वर चढतात. रोज केलं तर फुप्फुसं मोकळी होतील, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. मटिल्डाने मान डोलावली.

मग आला राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. कपाळाला राख लावून मटिल्डा बाकावर बसली होती आणि फादर आलोशियस प्रवचन करत होते. देवाने मातीचा माणूस घडवला, त्याच्या नाकपुड्यांत आपला श्वास फुंकला, तेव्हा कुठे ती माती उठून बसली. तो श्वास आपला नाही, देवाचा आहे. तो परत घेईल त्या दिवशी आपण पुन्हा मातीच. हे सगळं मटिल्डाने लहानपणापासून दरवर्षी ऐकलं होतं आणि दरवर्षी तिचं अर्धं लक्ष घरी तळायच्या मासळीत होतं. या वर्षी मात्र स्वतःचाच श्वास छातीत अडकत होता, त्यामुळे शब्द न् शब्द आत शिरला.

आता जन्मभर मासळी विकलेल्या बाईला श्वास म्हटल्यावर काय आठवणार? बर्फाची पेटी. सकाळी भरून घेतलेला बर्फ तेवढाच. झाकण जितकं उघडाल तितका तो लवकर वितळणार. देवाने एकदा फुंकलं ते फुंकलं, मटिल्डाने मनाशी ठरवून टाकलं. आणि आपण आयुष्यभर बाजारात ओरडून ते सगळं उधळलं! आता तळाशी उरलं असेल ते ओंजळभर. ते टिफनीच्या लग्नापर्यंत पुरवायचं. त्यानंतर त्याची मर्जी.

टिफनी तिची नात. पोर तीन वर्षांची असताना तिची आई गेली आणि बाप बोटीवर नोकरीला, म्हणून ती आजीच्याच कुशीत वाढली. अर्नाळ्याच्या जॅक्सनशी तिचं लग्न ठरलं होतं, ईस्टरनंतर. टिफनीला वेदीपुढे उभी बघायची आणि मग डोळे मिटायचे, एवढंच मटिल्डाचं मागणं होतं. तिने त्याच दिवशी झाकण लावलं. डॉक्टरीणबाईंचं खेळणं म्हणजे तर श्वासाची निव्वळ नासाडी. ते तिने मारियेच्या तसबिरीशेजारी नेऊन ठेवलं आणि रोज त्याला फुलं तेवढी वाहायची बाकी ठेवली.

ती हे कुणाला बोलली नाही. बोलली असती तर श्वास खर्च झाला असता ना! आणि गावाला विचारायची गरजच पडली नाही. उपवासकाळ सुरू झालेला. कुणी मटण सोडतं, कुणी दारू सोडतं. मटिल्डाने बोलणं सोडलं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. बायका कौतुकाने येऊन बघून जायच्या. फादरांनी तर एका रविवारी नाव न घेता सांगितलं, की आपल्या गावात एका माउलीने जीभ देवाला अर्पण केली आहे. सगळं चर्च वळून मटिल्डाकडे बघू लागलं. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण खुलासा करायचा म्हणजे दहा-बारा वाक्यं तरी लागणार. तिने मान खाली घातली, तर लोकांना त्यातही नम्रता दिसली.

बेनेडिक्टला पहिला आठवडा स्वर्गासारखा गेला. होडीवरचा जुना तांडेल तो, अख्खा जन्म वारा आणि बायको यांच्या आवाजात काढलेला. 'घरात शांती म्हणजे काय असते ते आता कळलं,' असं तो जेटीवर सांगत फिरला. दुसऱ्या आठवड्यात घरात टीव्ही मोठ्याने लागू लागला. पुढे पुढे तर गड्याची झोपच उडाली. एका दुपारी त्याने मांडणीवरचं पातेलं मुद्दाम खाली पाडलं आणि आशेने बायकोकडे बघितलं. मटिल्डाचे ओठ थरथरले. जिभेवर आलेलं सगळं तिने गिळलं, पातेलं उचलून जागेवर ठेवलं, आणि बेनेडिक्ट बाहेर जाऊन उगाच जाळं विणत बसला.

ईस्टर आला. घंटा वाजल्या, आता मटिल्डा बोलणार म्हणून शेजारणी जमल्या. तिने हसून सगळ्यांच्या हातात मिठाईची अंडी ठेवली आणि आत गेली. तेव्हा कुठे लोक घाबरले.

त्याच दिवशी टिफनी तिच्यासमोर येऊन बसली. "आजी, हळदीला गाणार ना?"

मटिल्डाने मान हलवली. नाही.

"माझ्या आईच्या हळदीला तूच गायलीस. ते गाणं तुझ्याशिवाय कुणाला येतं?"

तेव्हा मटिल्डाने झाकण थोडं किलकिलं केलं. "गायले तर दम सरल माजा," ती कुजबुजली. "मना तुना वेदीपुढं बघायचं हाय गो."

टिफनीचे डोळे भरले. "आणि मी काय बघू? मुकी आजी?" एवढं बोलून पोर उठून गेली. मटिल्डाच्या काळजाला घरं पडली.

ईस्टरनंतरच्या रविवारी चर्चमध्ये मिस्साला बायबलमधलं शुभवर्तमान वाचलं गेलं. शिष्य भिऊन दारं लावून बसले आहेत, आणि येशू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहतो. शांती देतो, जखमा दाखवतो आणि त्यांच्यावर फुंकर घालतो. मटिल्डा ताठ झाली. मिस्सा संपल्यावर तिने फादरांना चर्चच्या अंगणात गाठलं.

"फादर, तो मरून उठलेला. तीन दिस मातीखाली. त्याच्यात दम तो केवढा उरला असल? आनी आल्याबरोबर तो पन फुंकून टाकला?"

फादरांना काही उमगेना. मग मटिल्डाला धापा टाकत सगळंच सांगावं लागलं, राखेचा बुधवार, बर्फाची पेटी, सगळं. फादर आधी पोट धरून हसले. मग एकदम गप्प झाले, कारण ते प्रवचन त्यांचंच होतं.

"चूक माझी आहे, मटिल्डा. देव श्वास परत घेतो ते मी सांगितलं, रोज देतो ते सांगायचं राहिलं. बरं, आता श्वास ओढ आणि धरून ठेव. सोडायचा नाही. तुला साठवायचाय ना?"

मटिल्डाने श्वास धरला. गाल फुगले, तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं. शेवटी भस्सकन सगळा सुटला, आणि तिने काही करायच्या आत दुसरा आत शिरला.

"हा कुठून आला?" फादरांनी विचारलं. "तू मागितलास? जुना सोडल्याशिवाय नवा येतो का? त्याने एकदाच फुंकलं असं कोण म्हणतं? अजून फुंकतोच आहे."

फादरांचं काय जातंय बोलायला, असं पुटपुटत मटिल्डा घरी गेली. पण घरी जाऊन तिने ते खेळणं तसबिरीजवळून खाली काढलं, पदराने पुसलं आणि तोंडाला लावलं. पहिला गोळा जरासा हलला. आठवडाभर, कुणी बघत नाही असं बघून, ती ओढत राहिली. भीती मात्र जागची हलली नाही.

शनिवारी मांडवात हळद लागली. पाटावर टिफनी पिवळी होऊन बसली होती, मान खाली. गाण्याची वेळ झाली तशा बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीच सुरुवात करेना. मग पोरांनी डीजे लावला. मटिल्डाने नातीकडे बघितलं. लग्न उद्या सकाळी. रात्र गप्प राहून काढली, की झालं. एवढंच तर मागितलं होतं देवाकडे. पण पोरीला आज कुणी नाही, आणि उद्याचा श्वास काही आपल्या पेटीत नाही.

"बंद करा रे ते!"

आवाज खाडीपर्यंत गेला असावा. बेनेडिक्टच्या हातातला चहाचा ग्लास निसटला. डीजे बंद झाला. मटिल्डा उभी राहिली आणि गाऊ लागली.

"वारा सुटला खाडीवरी,
हळद लागली माज्या पोरी..."

आवाज चिरकला, पण सूर तोच. तिसऱ्या ओळीला दम तुटला. हात छातीवर गेला, टिफनी पाटावरून अर्धी उठली. आणि इतकी वर्षं मटिल्डाच्या मागे नुसत्या गुणगुणणाऱ्या बायकांनी ती ओळ उचलली, एकीने, मग सगळ्यांनी. तेवढ्यात मटिल्डाचा श्वास परत आला. पुढच्या ओळीला ती पुन्हा त्यांच्यात होती. दम सरला की त्या गायच्या, दम आला की ती. टिफनी रडत होती आणि हसत होती, आणि हळद गालांवरून ओघळत होती.

लग्नाच्या दिवशी पहाटे मटिल्डाला जाग आली. तिने डोळे न उघडता आधी श्वास तपासला. आत गेला. बाहेर आला. पुन्हा आत गेला. तिला इतका आनंद झाला, की ती तशीच पडून हसली.

डोळे उघडले तर खाटेशेजारी बेनेडिक्ट बसलेला, हातात रोझरीची माळ, नजर तिच्या छातीवर.

"काय बघता, तांडेल? हाय मी अजून."

 बेनेडिक्ट उठला, मांडणीपाशी गेला आणि सगळ्यांत मोठं पातेलं त्याने धाडकन खाली पाडलं.

"अवो! हात मोडले काय तुमचे? पोरीचं लगीन हाय आज, पावनं आल्यात घरात, आनी सकाळी सकाळी भांडी फोडता? काय खूळ लागलं काय?"

वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे उडाले. आतल्या खोलीत टिफनी खदखदून हसली. बेनेडिक्ट पातेल्याशेजारी जमिनीवरच बसला, सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि विचारलं,

"अजून एक पाडू?"