तोंड मिटून आणायचा पाला

माझं पोट बोलण्यावर चालतं. लातूरच्या एका क्लासात पहाटेच्या बॅचपासून जीवशास्त्र शिकवतो, घसा बसला तरी थांबत नाही. घरी बायको म्हणते, तुम्ही झोपेतसुद्धा शिकवता. अशा माणसाला आयुष्यात एकदा, एका सकाळपुरतं गप्प राहायचं होतं.

भूकंपात भिंतीखाली माझा उजवा कोपर सापडला. दवाखान्यात हाड नीट बसवलं, पण प्लास्टर निघाल्यावर हात सरळ होईना. आम्ही तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. चाकूरकडची माझी आत्या पाल्याचं गाठोडं घेऊन आली आणि दीड महिना राहिली. रोज लेप घालून, चोळून तिनं तो हात बोटबोट उघडला. आज फळ्यावर लिहितो ते त्याच हातानं.

लेपात दोन वनस्पती असायच्या. एक कांडवेल, ती कुणीही ओळखेल. दुसरी तिच्या गावापासून कोसभर दूर, रस्त्याकडच्या मुरमाड माळाच्या चढावर पोळ्यापासून दिवाळीपर्यंत यायची. आत्या तिला नुसतं पाला म्हणायची. तिला मूलबाळ नव्हतं, आणि ती ओळख तिच्याशिवाय कुणाला नव्हती. ही गेली की पाला गेला, या विचारानं माझा जीव थाऱ्यावर राहत नसे. मी वही घेऊन तिच्या मागं लागलो.

"वहीत घालून गुण येत न्हाई," ती म्हणाली.

तिची रीत होती. आदल्या संध्याकाळी एकटीनं जाऊन झाडाला हळदकुंकू, अक्षता वाहून आवतण द्यायचं. सकाळी पाला घरी येईस्तोवर कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. शिकणाऱ्यासाठी असं आवतण मोसमात एकदाच. बोललं की मोडलं, मग पुढच्या पोळ्यानंतर.

पहिल्या वर्षी वेशीपाशी कुणीतरी विचारलं, "सर, नवी बॅच कधी?" मी म्हणालो, "सोमवारी." आत्या जागच्या जागी वळली. दुसऱ्या वर्षी तिचा पाय घसरताना दिसला आणि तोंडातून गेलंच, "आत्या, दगड हाय." ती सावरली, आणि परत फिरली.

"पडले असते तर उठले असते की," घरी आल्यावर ती म्हणाली.

मला संताप आला. जे वाचवायचं त्याला कुलूप कशाला, असं मी तिला तोडून बोललो. ती ज्वारी निवडत राहिली.

त्या हिवाळ्यात क्लासचे मालक वसतिगृहासाठी जागा शोधत होते. नांदेड, कंधार, पार धर्माबादकडची मुलं यायला लागली होती, शहरात खोल्या पुरत नव्हत्या. "आमच्या आत्याच्या गावचा माळ पडूनच आहे, रस्त्याला लागून," मी चहा पिता पिता बोलून गेलो. माळ केवढा मोठा. त्यात पाला नेमका कुठं येतो, हे मला कुणी दाखवलं होतं? पुढं परीक्षा आल्या आणि ते बोलणं मी विसरलो.

तिसऱ्या वर्षी आत्याच्या गुडघ्यांनी दावा साधला होता. उन्हाळ्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. तिनं अंगणातूनच माळाकडं तोंड करून आवतण दिलं. सकाळी माझ्या खांद्यावर हात टाकून निघाली. वाटेत एकानं रामराम घातला, मी नुसते हात जोडले. दुसऱ्यानं बॅचचं विचारलं, मी मान खाली घातली. आत्यानं माझा खांदा हलकेच दाबला. शाबासकीच होती ती, मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

माळावर पोचलो तर चढ नव्हताच. मुरूम उपसून जमीन सपाट केली होती, तिच्यावर चुन्याच्या रेघा होत्या. एका कडेला खडीचा ढीग आणि नवीकोरी पाटी, तिच्यावर आमच्या क्लासचं नाव. आत्या रेघांमधून थोडं इकडं, थोडं तिकडं फिरली. एका जागी थांबून पायानं माती चाचपली. मग पाटीपाशी आली.

तिला वाचता येत नव्हतं.

"बोल आता," ती म्हणाली. "काय लिवलंय, कुणाचं हाय हे?"

मी तोंड उघडलं नाही.