आपल्या पट्टीत वाल आले

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी जे झालं ते लगेच लिहून जिन्यातल्या फलकावर लावते आहे.

इमारतीमागच्या पट्टीत आपण दसऱ्याला वाल पेरले आणि ते सगळे कुजले. चूक माझी. रोज पाणी घालायला घरोघर पाळ्या मीच लावल्या आणि तुम्ही एकही चुकवली नाहीत. "बी.ए. झालीस, पण वालात नापास," सोसायटीचे सचिव कुलकर्णीकाका म्हणाले. पुन्हा पीक आलं नाही, तर तिथे स्कूटर उभ्या करायच्या असं समितीत ठरलं.

मग बोईसरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या जानीबाईंना मी माती दाखवायला आणलं. त्या हसायलाच लागल्या. "वालाला रोज पानी? अगं बाय, आमी भात कापला का पेरतो. जमिनीत वल हाय, तीच पुरं. तुमी नुसतं बघत बसा."

दिवाळीनंतर त्यांच्याच बियाण्याने पुन्हा पेरलं. पाणी न घालता बघत बसणं आपल्याला फार जड गेलं.

आज शेंगा काढल्या. बाराही घरांत ओंजळभर पोचल्या. काकांनी तिथेच उभ्याने एक शेंग सोलली, दाणे चावून पाहिले आणि म्हणाले, "स्कूटर राहू देत रस्त्याकडेला. पलीकडची पट्टीही खणा."

आमच्या घरात पहिली पदवी माझी, म्हणून मला सगळं येतं असं आईला वाटतं. आज मी तिला खरं सांगितलं आणि मुळीच लाज वाटली नाही.

रविवारी सकाळी जानीबाई काकडीचं बी आणणार आहेत. खणायला कोण कोण येतंय?