तळहाताने उघडणारं झाकण

त्या बागायतदारांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नाशिकच्या एका शोभेच्या माशांच्या दुकानात मी बाबांच्या बागेतल्या कोई माशांच्या तळ्यासाठी फिल्टर बघत होतो. बाबांच्या बोटांत आता जोर नाही. जुन्या फिल्टरचं घट्ट झाकण उघडून तो दर रविवारी मळका शर्ट घालून मीच धुवायचो, आणि बाबा नुसते बाजूला उभे राहायचे. एका रविवारी मला जमलं नाही, पाणी गढूळलं आणि त्यांचा लाडका मासा गेला.

शेजारी दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार उभे होते. टोपी काखेत, नखांत फवारणीच्या औषधाचा निळा डाग. ते उगाचच एकेका फिल्टरचं झाकण उघडत आणि पुन्हा लावत होते.

"धुणार कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही. बाबांना त्रास नको म्हणून आपोआप साफ होणारा घेतोय."

ते हसले. "आमच्या बागेतल्या ड्रिपचा फिल्टर आमचा म्हातारा बाप रोज धुवायचा. मी बी हौसेनं ऑटोमॅटिक बसवला. तर म्हातारा बागेत येईचना. म्हणे, माझं तिथं काय काम हाय? शेवटी जुनाच जोडला."

मग त्यांनी एक साधा फिल्टर पुढे सरकवला. "ह्याचं झाकण बघा, नुसत्या तळहातानं फिरतंय."

मी तोच घेऊन तळ्यावर बसवला, पण बाबांना जमेल का, ही धाकधूक होती. रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. "फिल्टर धुतला रे मी. पार तळापर्यंत मासे दिसतायत. तू आता फक्त जेवायला ये."

कितीतरी दिवसांनी मी त्यांच्याकडे इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.